हरणाऱ्यांचं मैदान

बसा निवांत. घराची छपरी असेल तर छपरीत, नाहीतर तलावाच्या पाळीवर. धानाची कापणी उरकून बांध्या मोकळ्या झाल्या असतील तर फारच छान, नजरेला अडवणारं काही उरत नाही. श्वास मोजायची गरज नाही, तो आपला चालू राहील. आज एकाच गोष्टीपाशी थांबायचं आहे. आपला संघ वर्षानुवर्षं हरत होता, आणि तरी ते जुनं मैदान मनातून जात नाही. असं का?

मैदान म्हणजे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं, व्हीसीएचं. करडीसारख्या, मोहाडी तालुक्यातल्या गावात क्रिकेटचं वेड लागलेल्या माणसाला आपलं म्हणण्याजोगं मोठं मैदान तेवढंच होतं. संघही एकच, विदर्भ.

आधी मनानं तिथवर जाऊ. घाई नको. तुमसर रोडला किंवा वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनला, सकाळची गाडी धरा. डब्यात उभं राहायला जागा मिळाली तरी पुरे. नागपूर आलं की स्टेशनाबाहेर या आणि रिक्षावाल्याकडे न बघता सिव्हिल लाइन्सकडे चालू लागा. झाडं मोठी होत जातात, बंगले मागे सरकतात. मैदान दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. इथे थोडं थांबा. हा आवाज तुम्हाला अजून ऐकू येतो का, की आता फक्त आठवतो? दोन्हींत फरक आहे. तो ओळखता आला तर पुढचं सोपं जाईल.

आता आत या. सिमेंटच्या पायरीवर बसा. ऊन डाव्या गालावर घ्यायचं की उजव्या, ते तुम्ही ठरवा.

पहिल्यांदा मनात येईल ती 31 ऑक्टोबर 1987ची तारीख. येऊ द्या, अडवू नका. विश्वचषक, समोर न्यूझीलंड. दिवाळी नुकतीच झालेली, झाडीपट्टीत मंडयांचे दिवस. चेतन शर्मानं लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांच्या दांड्या उडवल्या आणि विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक या मैदानाच्या नावावर लागली. मग अंगात ताप असलेल्या गावसकरनं 88 चेंडूंत नाबाद 103 काढले. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकमेव शतक. जे तिथे होते ते अजून सांगतात, आणि जे नव्हते ते जरा जास्तच सांगतात. आनंद वाटला? वाटू द्या, मग बाजूला ठेवा. ही आठवण सोपी आहे. तिच्यासाठी एवढं बसायची गरज नव्हती.

अवघड आठवणीकडे वळू. या मैदानाचं कसोटी क्रिकेट सुरू झालं तेच हरण्यानं. ऑक्टोबर 1969मध्ये न्यूझीलंडनं इथे भारताला 167 धावांनी हरवलं. भारतातला त्यांचा तो पहिला कसोटी विजय. 2004 साली ऑस्ट्रेलिया आली तेव्हा खेळपट्टीवर हिरवं गवत होतं. घरचं मैदान, पण गिलेस्पीला आपलंसं वाटावं असं. भारत 342 धावांनी हरला आणि ऑस्ट्रेलियानं 35 वर्षांनी भारतात मालिका जिंकली. ऑक्टोबर 2007मध्ये भारत इथे शेवटचा एकदिवसीय सामना खेळला. सायमंड्सनं शतक ठोकलं आणि तोही सामना 18 धावांनी गेला.

हे झालं देशाच्या संघाचं. आपल्या संघाचं काय? विदर्भ 1957-58पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं करंडक नाही. मोठा संघ यायचा, दीड-दोन दिवस फलंदाजी करायचा, आणि आपले लोक चौथ्या दिवसापर्यंत सामना ओढून नेला तर त्यालाच पराक्रम म्हणायचे. रणजीला स्टँड रिकामेच. उशिरा आलेला एखादा पायरीवर टेकता टेकता विचारायचा, "काऊन बे, किती झाले?" शेजारचा मान न वळवता सांगायचा, "झाले काय, गेले!" आणि दोघं हसायचे.

त्या हसण्यापाशी थोडा वेळ थांबा. त्यात कडवटपणा किती होता आणि मोकळेपणा किती?

मला वाटतं, जिंकणारा संघ बघणाऱ्याला मैदान दिसू देत नाही. नजर धावफलकावर खिळते आणि हात मुठीत जातात. हरणारा संघ मात्र बघणाऱ्याला मोकळं सोडतो. सकाळी चार गडी गेले की दुपार पूर्ण तुमची. मग कडुनिंबाची सावली कोणत्या षटकाला कोणत्या पायरीवर येते हे कळू लागतं. सीमारेषेवरच्या पोराचे बूट झिजलेत हे दिसतं. शेजारी बसलेला माणूस रेल्वेत आहे, त्याच्या मुलीचं लग्न ठरत नाही, हेही समजतं. आपण जे जुनं मैदान म्हणून जपून ठेवलंय त्यातलं बरंचसं त्या गमावलेल्या दुपारांनी दिलेलं आहे. भारत जिंकला तो सामना तुम्हाला चेंडूगणिक आठवेल. झाड आठवेल ते विदर्भ हरत असलेल्या दिवसाचं.

आता मनाला थोडं आवरायला हवं. आठवणीला साखर फार लवकर चढते.

26 नोव्हेंबर 1995. पुन्हा न्यूझीलंडच. त्या दिवशी याच मैदानात पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळली. सामना बघायला आलेली माणसं तिच्याखाली मेली. खेळ पुढे चालू राहिला, ॲस्टलनं शतक केलं आणि भारत 99 धावांनी हरला. धावफलक पाठ असलेल्या किती जणांना भिंत आठवते? स्वतःला विचारा, उत्तर मोठ्यानं द्यायला नको. जुन्या जागेबद्दल हळहळताना ही भिंत वगळायची सोय आपण करून घेतो. वगळू नका. ती आत घेऊनही मैदान आपलं वाटत असेल, तर ती ओढ खरी मानायला हरकत नाही.

2008मध्ये मोठे सामने जामठ्याला गेले. वर्धा रोडवरचं भव्य स्टेडियम, 45,000च्या आसपास प्रेक्षक मावतील असं. पहिली कसोटी नोव्हेंबरात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. भारत जिंकला. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी, आणि एवढं असूनही स्टँड भरले नाहीत. भंडाऱ्याकडून येणाऱ्याला आख्खं नागपूर ओलांडून पलीकडे जावं लागतं, हे नकाशावर रेघ मारणाऱ्याच्या ध्यानात कुठून येणार? पण तक्रारीतच बसून राहिलो तर मनन होत नाही, कुरकुर होते. जामठ्याला खुर्ची आहे, मागच्याचा गुडघा पाठीत टोचत नाही. बायकांना सोबत नेताना जुन्या मैदानात काय विचार करावा लागायचा, तेही आठवून पाहा.

आणखी एक टोचणी आहे. आपण ज्या दुपारांना निवांत म्हणतो त्या खेळणाऱ्यांसाठी निवांत नव्हत्या. झिजलेल्या बुटांचा तो पोरगा हरत होता. आपल्याला सावली मिळत होती, त्याची कारकीर्द संपत होती. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव 2011मध्ये कसोटी खेळला, तोवर विदर्भाच्या एकाही खेळाडूला कसोटीची टोपी मिळाली नव्हती. हरण्याच्या गोडव्याबद्दल बोलायचं असेल तर त्या पोराची मनातल्या मनात परवानगी घ्यायला हवी. तो देईल असं मला वाटत नाही.

मग 1 जानेवारी 2018. इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिला रणजी करंडक घेतला. फैज फजल कप्तान, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी. पुढच्याच वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्रावर मात. 2025मध्ये तिसरा करंडक, केरळविरुद्ध, तोही जामठ्याला. एकही अंतिम विजय सिव्हिल लाइन्सच्या वाट्याला आला नाही. यानं छातीत काही हललं असेल तर त्याला नाव द्यायची घाई करू नका. अभिमान आणि परकेपणा एका जागी राहू शकतात. लेक मोठ्या घरी सुखात नांदते तेव्हा बापाला असंच होतं.

शेवटी एक हार घेऊ, अलीकडची. मार्च 2024, वानखेडे, रणजीचा अंतिम सामना. मुंबईनं विदर्भापुढे 538 धावांचं लक्ष्य ठेवलेलं. निकाल जवळजवळ ठरलेला असताना पाचव्या दिवशी सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळायला उतरले, आणि जेवणापर्यंत गडी पडू दिला नाही. वाडकरनं शतक केलं. मग पडझड झाली आणि विदर्भ 368वर आटोपला. 169 धावांनी हार. त्या सकाळी करडीत कोणी शेतावर, कोणी दुकानात फोनवर स्कोअर बघत असेल. तिथे पायरी नव्हती, झाड नव्हतं, शेजारी रेल्वेवाला नव्हता. तरी वाडकर बाद झाला तेव्हा पोटात खड्डा पडला असेल, तर जुन्या मैदानातलं काय तुमच्यासोबत आलं आणि काय तिथेच राहिलं, हे शोधत आणखी थोडा वेळ बसा.

उठाल तेव्हा रणजीचं वेळापत्रक बघा. भंडाऱ्याहून बसनं आलात तर पारडीकडून प्रजापती नगरला मेट्रो मिळते. सीताबर्डीला उतरून गाडी बदलायची. जुनं मैदान तिथून हाकेच्या अंतरावर नसलं तरी ऑटोनं लगेच गाठता येतं, वाटलं तर आधी तिकडे एक चक्कर मारा. जामठ्यासाठी खापरीची गाडी धरा, आणि खापरीला ऑटोत बसण्याआधीच परतीचंही बोलून ठेवा. संध्याकाळी तिथून निघताना भाव दुप्पट होतो.