सैल लगाम

गोव्यात शिगम्याच्या सणात डिचोली, पेडणे, सत्तरीत घोडेमोडणी हा नाच होतो. कमरेला सजवलेला लाकडी घोडा, हाती तलवार. ढोल-ताशे चढले तरी पाऊल तालावरच पडावं लागतं, आणि तो संयमच मला त्या नाचाचा खरा दिमाख वाटतो.

जिवंत, तरण्या घोड्याला हा संयम शिकवावा लागतो. नुसतं पळवून तो शांत होत नाही. त्याचा दम उलट वाढतो. त्याला मोठ्या वर्तुळात फिरवावं, चालीवरून दुडकीवर न्यावं, पुन्हा चालीवर आणावं. लगाम किंचित आवळावा आणि तो मंदावताच, त्याच क्षणी, सैल सोडावा. सतत ओढलं तर तो मान ताठ करून आणखी पळतो. थोडा वेळ मन लावून चालला, की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा. कोवळ्या जनावराचं लक्ष फार टिकत नाही.