सत्य ऐकण्याचे धाडस



खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. ती केवळ बोलणाऱ्यासाठी नाही, ऐकणाऱ्यासाठीही आहे. आज ह्यावर थोडे मनन करू या.

1 सप्टेंबर 1939 रोजी दुसरे महायुद्ध पेटले आणि त्याच दिवशी नाझी जर्मनीत परदेशी रेडिओ ऐकण्यास बंदी आली. ऐकलेली बातमी पसरवणाऱ्याला देहदंडही होऊ शकत असे. परंतु शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातील वरच्या थरावरून परतून दूरच्या देशांत उतरतात. त्यांना सरहद्द ठाऊक नसते. मुद्दाम खरखर सोडून त्या बुजवण्याचा प्रयत्न झाला, तरी लोक आवाज बारीक करून लंडनहून येणाऱ्या बीबीसीच्या बातम्या ऐकत. कारण तेथील बातमीदार स्वतःचे पराभवही सांगत. 1942 मध्ये सिंगापूर पडले, टोब्रुक गेले, ते त्यांनी लपवले नाही.

जर्मनीतील ल्युबेक शहरात योहानेस प्रासेक, एडुआर्ड म्युलर आणि हेर्मान लांगे हे तीन तरुण धर्मगुरू येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये सेवा करीत होते. मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध बिशप फॉन गालेन ह्यांनी 1941 मध्ये केलेल्या प्रवचनाच्या प्रती त्यांनी वाटल्या. ल्युथरन पाळक कार्ल फ्रीडरिश स्टेलब्रिंक त्यांना साथ देत होते. चौघांना अटक झाली. आरोपांत शत्रूचा रेडिओ ऐकल्याचा गुन्हाही होता. 10 नोव्हेंबर 1943 रोजी हॅम्बर्गच्या तुरुंगात एकापाठोपाठ चौघांचा शिरच्छेद झाला. त्या तीन धर्मगुरूंना 25 जून 2011 रोजी ख्रिस्तसभेने धन्यवादित घोषित केले.

बोलणाऱ्यालाही किंमत मोजावी लागली. एप्रिल 1945 मध्ये बीबीसीचे बातमीदार रिचर्ड डिंबलबी बेल्सेनच्या छळछावणीत शिरले. त्यांनी पाठवलेले वर्णन इतके भयंकर होते की, त्यांच्याच कार्यालयाचा त्यावर विश्वास बसेना. प्रक्षेपण होणार नसेल तर नोकरी सोडतो, असे त्यांनी बजावले. मगच जगाने ते ऐकले.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याविषयीचे वाईट ऐकायला आपल्याला बंदी नसते, धाडसही लागत नाही. धाडस लागते ते आपल्या माणसांविषयीचे सत्य ऐकायला. ल्युबेकच्या धर्मगुरूंनी आपल्याच देशाचे पाप ऐकून घेतले आणि ते मान्य केले. आपल्या घरातील अन्याय, आपल्या समाजातील भेदभाव कोणी दाखवला, तर आपण ऐकतो की त्याचेच तोंड बंद करतो? आणि मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठवताना, तो खरा आहे का, कोणाच्या अब्रूवर उठणार नाही ना, हे क्षणभर तरी पाहतो का?

ह्या आठवड्यात न रुचणारे एक सत्य आपण शांतपणे ऐकून घेऊ या. युद्धभूमीवरून जगाला सत्य कळवताना प्राण गमावलेल्या पत्रकारांसाठी पवित्र मिस्सामध्ये प्रार्थना करू या.

हे प्रभो, सत्य बोलण्यास आम्हांला जीभ दिलीस, ते ऐकण्यास कानही दे. आमेन.