न ऐकणारा लेहरा

तबल्याच्या रियाजाला लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी धून, धरायला आता क्वचितच कोणी बसतं. मोबाइलवर ॲप उघडायचं, तीनताल निवडायचा, लय १२० वर ठेवायची आणि कायदा सुरू करायचा. तासभर वाजवलं तरी तो लेहरा तसूभर हलत नाही. या न हलण्याचं आपल्याला फार कौतुक आहे. ते कौतुक एकदा तपासून घ्यायला हवं, आणि त्यासाठी जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी केलेल्या कामाकडे पाहायला हवं.

तिथल्या माक्स प्लांक संस्थेतले होल्गर हेनिग, थिओ गायझेल आणि त्यांचे सहकारी यांनी घानाच्या एका व्यावसायिक वादकाचं मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राबरोबरचं वादन ध्वनिमुद्रित केलं. प्रत्येक आघात ठोक्याच्या किती आधी किंवा किती नंतर पडला, हे त्यांनी मोजलं. या कामाचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. अशा वादनात फरक साधारण १० ते २० मिलिसेकंदांचे असतात. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे हा फरक मात्रेच्या दोन ते चार टक्के झाला. १० मिलिसेकंदांत आवाज हवेतून जेमतेम साडेतीन मीटर जातो. मंचावर थोडं लांब बसलेल्या साथीदाराचा सूर आपल्या कानापर्यंत यायलाही एवढाच वेळ लागतो.

पण फरक केवढा आहे, यापेक्षा तो कोणत्या क्रमाने येतो, हे महत्त्वाचं. ही नुसती हाताची अनिश्चितता असती, तर एका आघाताच्या फरकाचा पुढच्याशी काही संबंध राहिला नसता. मोजणीत मात्र संबंध दिसला, आणि तो लांबवर टिकणारा होता. वादक बराच वेळ किंचित पुढे राहतो, मग बराच वेळ किंचित मागे. त्या मोठ्या हेलकाव्यात छोटे हेलकावे, आणि त्यांतही आणखी छोटे. आत्ताच्या फरकाचा माग शेकडो आघातांनंतरही सापडतो. तीनतालाच्या हिशेबात तीनशे मात्रा म्हणजे जवळजवळ १९ आवर्तनं. इतका वेळ हात मागचं काही सोडत नाही, आणि वादकाला त्याची जाणीवही नसते.

या रचनेला शास्त्रज्ञ ‘वन बाय एफ’ म्हणतात. संगीताच्या आवाजाच्या आणि स्वरांच्या चढउतारांत ती रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क यांनी १९७५ सालीच दाखवली होती. पुढे १९९५ साली डेव्हिड गिल्डन आणि सहकाऱ्यांना ती संगीत नसतानाही आढळली. माणसांना ठरावीक कालावधी मनाने मोजून पुन्हा पुन्हा दाखवायला सांगितलं, तरी चुकांचा क्रम असाच. म्हणजे हा माणसाच्या काळ मोजण्याचाच स्वभाव दिसतो.

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्वांटाइझ’ केलं की सगळे आघात काटेकोर जागी बसतात. ते निर्जीव वाटलं तर ‘ह्यूमनाइझ’ करून त्यांत वाटेल तसे फरक मिसळता येतात. हेनिग यांच्या गटाने एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या लोकांना ऐकवल्या. फरकांचं प्रमाण दोन्हींत सारखं होतं. एकीत ते एकमेकांशी असंबद्ध, तर दुसरीत लांबवर जोडलेले. पसंती स्पष्टपणे दुसरीला मिळाली. फरक तेवढेच असूनही त्यांच्यातला धागा तुटलेला कानाला कळतो, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

मात्र यावरून बेशिस्तीचा गौरव करू नये. अंग हलवावंसं वाटणं, ज्याला पाश्चात्त्य संगीतात ‘ग्रूव्ह’ म्हणतात, त्यावरच्या काही प्रयोगांत ऐकणाऱ्यांनी काटेकोर आवृत्त्यांनाच वरचे गुण दिले आहेत. शिवाय घानाचा तो वादक मेट्रोनोमबरोबरच वाजवत होता, तरीही त्याच्या हातातला धागा शाबूत होता. यंत्राबरोबर रियाज केला की हात यांत्रिक होतो, ही तक्रार त्यामुळे मला पटत नाही. यंत्रावर लय पक्की होते, हे गुरुजन म्हणतात ते खरंच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. हेनिग यांनी २०१४ साली दोन माणसांच्या एकत्र वादनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना ऐकत वाजवणाऱ्या जोडीत एकाच्या पुढच्या आघातावर दोघांच्याही मागच्या सगळ्या वाजवण्याचा परिणाम होतो, असं त्यात दिसलं. हा धागा दोघांत मिळून विणला जातो. ॲप यात कधीच भाग घेत नाही. आपण पुढे गेलो तरी ते आपली दखल घेत नाही, मागे राहिलो तरी थांबत नाही. जुळवून घेण्याचं सगळं काम एकट्या विद्यार्थ्याकडे येतं, आणि समोरच्याला आपल्याकडे वळवण्याची सवय त्याला लागतच नाही. मैफलीत मात्र लेहरेकरी ऐकत असतो. तिहाईचा शेवटचा ‘धा’ समेवर येण्याआधी तो हार्मोनियमवर स्वर कणभर रोखतो किंवा सोडतो, आणि तबलावादकाचा पुढचा तुकडा त्याच उसंतीवर उभा राहतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी ॲप बंद करून विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हार्मोनियमवर लेहरा धरावा. एवढी सोय तर कुठल्याही क्लासला परवडेल, आणि लेहरा धरणाऱ्याचाही त्यात तितकाच रियाज होईल.