वकीलपत्राची कोरी बाजू

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन ज्याने प्रथम उच्चारले तो बहुधा वाटणी सुखासुखी झालेल्या घरातला असावा. कारण बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात, जेथे चार एकरांच्या तुकड्यावर तीन भावांची पोटे आणि एका बहिणीचा हक्क अवलंबून असतो, तेथे ती पायरी माणूस शहाणपण सोडून नव्हे, तर दुसरा मार्ग न उरल्यामुळे चढतो. आणि त्याला ती चढवणारा असतो अंबाजोगाईला, माजलगावला किंवा गेवराईला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत कचेरी थाटून, एक ज्युनिअर आणि एक कारकून एवढ्याच लवाजम्यावर दिवाणी, फौजदारी आणि महसुली अशी तिन्ही प्रकारची कामे ओढणारा वकील.

अशा वकिलाविषयी पक्षकार जेव्हा चांगले बोलतात, तेव्हा ते त्याच्या कायदेज्ञानाविषयी क्वचितच बोलतात. त्याला आपला गट नंबर तोंडपाठ आहे, फेरफाराला हरकत घेणारा चुलता नात्याने कोण हे त्याला सांगावे लागत नाही, आणि फीचे पैसे ऊसतोडीच्या मुकादमाची उचल हाती येईपर्यंत तो थांबतो, ही त्याची कीर्ती. मोठ्या शहरातल्या नामांकित कचेरीत जे कोणत्याही दराने विकत मिळत नाही ते येथे मिळते. आणि नेमके तेच, पुढे कडवटपणा आला की, त्याचे कारण ठरते.

या कडवटपणाचे एक कारण या जिल्ह्याच्या पंचांगातच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात, आणि हंगाम संपेपर्यंत न्यायालयात त्यांचे अस्तित्व म्हणजे केवळ त्यांचा वकील. तो एका पेशीला दुसऱ्या तालुक्यात गुंतला, ज्युनिअर आजारी पडला, आणि दावा अदमपैरवीत, म्हणजे गैरहजेरीमुळे, निकाली निघाला, तर तो पुन्हा चालू करण्यासाठी अर्जाची मुदत तीस दिवसांची. पक्षकार मात्र गावी परततो तो कित्येक महिन्यांनी. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा खर्च. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात, दूर खेड्यातल्या पक्षकाराने वकील नेमून आपले कर्तव्य केले असता वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा त्याला का, असे विचारून त्याला दिलासा दिला; १९९३ साली सलील दत्त प्रकरणात तेच न्यायालय म्हणाले की हा सरसकट नियम नव्हे, आणि शहरात बसलेल्या सुशिक्षित कंपनीला त्या आडोशाला उभे राहता येणार नाही. हा भेद मला अत्यंत न्याय्य वाटतो. तारीख आता मोबाइलवर दिसते हे खरे. त्या तारखेस काय घडले हे समजावून सांगणारा मात्र अद्याप तोच एक माणूस आहे.

मावेजाच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्याच्या, प्रकरणांत गुंता अधिक खोल आहे. माजलगाव प्रकल्पासारख्या कामांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यासाठी १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याचे कलम १८ हाच वाढीव मोबदल्याचा रस्ता होता. वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी नऊ आणि पुढे पंधरा टक्के व्याज असल्यामुळे बारा वर्षे रेंगाळलेल्या प्रकरणात व्याज मुद्दलाला सहज मागे टाकते. निकालावर अवलंबून असणारी फी किंवा रकमेत वाटा ठरवणे वकिलांच्या नियमांना मंजूर नाही. तरीही टक्क्यांची बोली होते, असे सर्रास ऐकू येते. आता या बोलीला केवळ लबाडी म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु ज्याच्या खिशात कोर्ट-फी भरण्याइतकीही रोकड नाही, त्याच्यासाठी न्यायालयाचे दार या बोलीनेच उघडलेले असते, आणि दार उघडताना जो टक्का किरकोळ वाटला तोच, दिरंगाईने फुगलेल्या व्याजासकट हिशेब झाला की, लूट वाटू लागतो. दोन्ही भावना खऱ्या असतात.

माझ्या मते दोष वकिलाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा वकीलपत्रात शोधावा. हजर राहणे, तडजोड करणे, रक्कम उचलणे, असे पक्षकार जे जे सोपवतो ते सारे त्या छापील कागदावर असते. वकील काय करणार, किती फी घेणार आणि निकाल कधी व कसा कळवणार, याविषयी तो कागद मूक असतो. पुष्कळदा फीची पावतीही नसते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देण्याची १९८७ च्या कायद्यातली तरतूद अनेकांच्या कानी गेलेली नाही, आणि गेली तरी फुकटच्या वकिलावर विश्वास बसत नाही.

तक्रारीचे म्हणाल, तर वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले. गैरवर्तनासाठी राहते मुंबईची बार कौन्सिल, जी आष्टीच्या शेतकऱ्याला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापेक्षाही लांब. वकील बदलावा, तर फी थकली म्हणून कागदपत्रे अडवून ठेवण्याचा वकिलाला अधिकार नाही, हे २००० सालीच निश्चित झाले आहे. पण जुन्याची ना-हरकत आणल्याशिवाय नवा वकील सहसा हात घालीत नाही, म्हणून पक्षकाराला रागारागाने का होईना त्याच ओसरीवर जावे लागते. तेथे चहा येतो, थोरल्या भावाची चौकशी होते, आणि ना-हरकतीचा विषय न काढताच तो पुढची पेशी विचारून परततो.