उभ्या पिकातली निवड

घरचं बी राखायचं ते मळणीनंतर, असं अनेकांना वाटतं. पण खरी निवड उभ्या पिकातच होते. भातकापणीआधी शेतात फिरायचं, भेसळीची नि रोगट रोपं उपटायची, भरलेल्या लोंब्या वेगळ्या काढायच्या. मग चांगलं ऊन द्यायचं. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. दबला, तर अजून वाळवण हवं. सुपात पाखडून, कडुनिंबाचा पाला घालून तो सारवलेल्या कणगीत जातो. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडायचं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान वाण जपले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कितीतरी घरांत ही पारख बायकांकडेच आहे, आणि तिला शेतीतलं ज्ञान म्हणायला आपण फार उशीर केला, याची खंत वाटते. यंदा विळा लावण्याआधी घरातल्या आजीला शेतावर न्या, कुठली लोंबी बियाण्याला ठेवायची ते तिलाच विचारा.