आधी कोरा चहा चाखा

बसा. डबे टेबलावरच राहू द्या आणि झाकणं लावू नका. आज जे बोलायचं आहे ते या उघड्या डब्यांसमोरच बोलायचं आहे.

मागच्या रविवारी घरी जाताना मी एकच काम दिलं होतं: स्वतःच्या हातानं चहाचं एक मिश्रण करून आणा. आज अकरा डबे आले. प्रत्येकावर सुंदर अक्षरात चिठ्ठी आहे. केशर-गुलाब आहे, चॉकलेट-दालचिनी आहे, आंबा-पुदिना आहे, 'पावसाळी संध्याकाळ'सुद्धा आहे. अकराही जणांना मी एकच प्रश्न विचारला, यात चहा कोणता घातलात? सात जण म्हणाले, "घरात होता तो." दोघांनी दुकानाचं नाव सांगितलं. एकानं पुड्याचा रंग सांगितला. एकीनं मात्र आसाम सीटीसी असं नेमकं उत्तर दिलं. पण तो नुसता कसा लागतो, हे तिलाही सांगता आलं नाही.

याचा मला राग आला आहे. गुलाबाच्या पाकळ्या निवडायला तुम्ही दुपार घालवलीत, चिठ्ठ्या रंगवायला संध्याकाळ घालवलीत. आणि ज्याच्या अंगावर हे सगळे दागिने चढवायचे, त्याचा चेहरा एकदाही पाहिला नाहीत. कोरा चहा दोन घोट पिऊन बघायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. ती दहा मिनिटं अकरा जणांपैकी एकालाही काढावीशी वाटली नाहीत.

चहा म्हणजे तपकिरी रंगाचं पाणी, त्याला वास आपण द्यायचा, असं तुम्ही धरून चालला आहात. हे साफ चूक आहे. आसामच्या सखल, दमट खोऱ्यातलं पान भरीव आणि कडक उतरतं. १९३० च्या सुमाराला आसाममधल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चरनं सीटीसी यंत्र आणलं. पान चिरडायचं, फाडायचं आणि वळवायचं, ही त्याची रीत. त्यातून निघणारे बारीक दाणे झटपट रंग आणि जोर सोडतात, म्हणून दूध-साखर घातल्यावरही चहा उभा राहतो. आपल्याकडे घरोघरी उकळतो तो बहुतेक हाच. दार्जिलिंगचं वळलेलं लांब पान त्याहून अगदी वेगळं. त्याचा काढा फिकट असतो आणि सगळी किंमत सुगंधाची असते. निलगिरीचा चहा स्वच्छ, तरतरीत आणि सुवासिक; थंड केला तरी सहसा गढूळ होत नाही. तीन प्रदेश, तीन स्वभाव. यातल्या कोणाला आलं मानवेल आणि कोणाला नाही, हे चाखल्याशिवाय कसं कळणार?

तुमच्यातल्या एकानं चांगलं महाग दार्जिलिंग आणलं आणि त्यात मूठभर दालचिनी आणि लवंग कुटून घातली. मी तो चहा करून प्यायले. दालचिनी लागली, लवंग लागली, दार्जिलिंग कुठेच लागलं नाही. ज्या सुगंधासाठी पैसे मोजले तोच पुरून टाकला. एक किलो चहा तयार व्हायला साधारण साडेचार किलो हिरवी पानं खुडावी लागतात. दोन पानं आणि एक कळी, असं एकेक खुडून. ते खुडणारे हात बहुतेक बायकांचे असतात, उन्हात आणि पावसात. त्यांच्या एका दिवसाच्या कष्टावर तुम्ही मूठभर मसाला ओतून मोकळे झालात. मला ही उधळपट्टी वाटते आणि उद्धटपणाही वाटतो.

आता चाखायचं कसं ते पुन्हा सांगते. दोनदा सांगितलं आहे, तिसऱ्यांदा सांगायला लावू नका. चहा चाखायची आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, ताजं खळखळ उकळलेलं पाणी, पांढऱ्या चिनी मातीचं भांडं, झाकण घालून ६ मिनिटं. असा चहा प्यायला कडकच लागतो, आणि तो तसाच लागायला हवा. ही रीत आवडीसाठी नाही, तुलनेसाठी आहे. पाणी तेवढंच, वजन तेवढंच, वेळ तेवढाच. मग दोन पेल्यांत जो फरक उरतो तो चहाचा असतो. हिरव्या चहाची एरवी करायची रीत वेगळी. त्यावर उकळतं पाणी ओतलंत तर तो कडू होतो. पाणी ८० अंशांच्या खाली उतरू द्या आणि दोन-तीन मिनिटांत गाळून घ्या. तुमच्यातल्या दोघींनी हिरवा चहा दुधात दहा मिनिटं उकळला आणि मला म्हणाल्या, हा चहाच वाईट आहे. चहा वाईट नव्हता.

चहा उतरला की तीन गोष्टी बघायच्या: कोरडी पत्ती, गाळून उरलेला ओला चोथा आणि पेल्यातला काढा. चोथ्याला नाक लावा. चहाचा खरा वास तिथे सापडतो. मग चमच्यात काढा घेऊन जोरात भुरका मारा. लहानपणी भुरक्याबद्दल आईची बोलणी खाल्ली असतील, ती जेवणाच्या पंगतीत बरोबर होती. इथे भुरका हे काम आहे. हवेबरोबर काढा तोंडभर उडतो आणि त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. खात्री हवी असेल तर नाक दाबून वेलदोड्याचा चहा प्या. वेलदोडा जवळजवळ नाहीसा होईल. नाक सोडलंत की परत येईल. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. वासावर चालणारं काम तुम्ही नाकाला न विचारता करता आहात.

आणि शब्द. "मस्त", "भारी", "छान लागतो" हे शब्द मी या खोलीत ऐकून घेणार नाही. त्यांनी मला काहीच कळत नाही. कडू आणि तुरट यांतला फरक तुमच्यातल्या निम्म्या लोकांना सांगता आला नाही, ही मराठी माणसाला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. कारलं कडू असतं, कच्चं केळं तुरट असतं. कडू ही चव आहे; तुरट म्हणजे हिरड्या आणि जीभ आवळल्यासारखी होणं. चांगल्या चहात थोडा तुरटपणा हवा, त्यानंच तो तरतरीत लागतो. तो सोसत नाही म्हणून तुम्ही गुलाबपाणी ओतता, म्हणजे दुखणं एक आणि औषध भलतंच. तुरट जास्त वाटला तर आधी वेळ कमी करून बघा, पत्ती कमी करून बघा. मिश्रणाला हात लावायची वेळ त्यानंतर येते.

चमच्यानं मोजायचं आजपासून बंद. एक चमचा सीटीसी आणि एक चमचा लांब पानाचा चहा यांचं वजन सारखं नसतं, बरंच कमी-जास्त असतं. ज्याला स्वतःचं मिश्रण दुसऱ्यांदा तसंच करता येत नाही, त्यानं मिश्रण केलेलं नाही. त्याच्या हातून ते झालेलं आहे. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी १० ग्रॅम चहाचा नमुना करा, अर्धा किलोचा नाही. त्यात एकच जिन्नस घाला, समजा अर्धा ग्रॅम सुंठ. चाखा, लिहा. मग पाऊण ग्रॅम. चाखा, लिहा. सुंठ पक्की झाल्याशिवाय वेलदोड्याकडे बघायचं नाही. एका डब्यात मी नऊ जिन्नस मोजले. त्या चहात काय बिघडलं हे तो करणाऱ्यालाही शोधता येणार नाही, कारण नऊही जिन्नस त्यानं एकाच वेळी घातले.

आणखी एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. बारीक दाणे दोन-तीन मिनिटांत उतरतात, मोठ्या पानाला चार-पाच मिनिटं लागतात. दोन्ही एकत्र केले तर एक कच्चा राहतो नाहीतर दुसरा कडू होतो. शिवाय डबा हलला की बारीक माल तळाशी जातो. पहिला पेला नुसत्या पाकळ्यांचा आणि शेवटचा नुसत्या पावडरीचा. मिश्रणात जे घालाल ते आकारानं जवळपास सारखं हवं. हा सौंदर्याचा नियम नाही, रोजच्या पेल्याचा आहे.

आता या डाव्या हाताच्या डब्याकडे बघा. यात गवती चहा आहे, कात्रीनं कापलेला आणि अर्धवट वाळलेला. आल्याचे काप आहेत, तेही मऊच. झाकण उघडलं तेव्हा कुबट वास आला आणि आत पांढरी बुरशी दिसली. चार दिवसांत. हा चहा आज कोणी प्यायला असता तर? कारखान्यातून निघताना चहात ओलावा शेकडा ३ च्या आसपास असतो, आणि तो आजूबाजूचं पाणी आणि वास दोन्ही ओढून घेतो. म्हणून डब्यात जाणारा प्रत्येक जिन्नस चहाइतकाच कोरडा हवा. गवती चहाचं पातं सावलीत वाळवा. वाकवल्यावर तुटकन मोडलं तरच डब्यात, वाकलं तर अजून दोन दिवस. ओलं आलं आणि ताजी पाती घालायची असतील तर ती आधणात घाला, डब्यात नव्हे.

चहाच्या याच स्वभावावर चीनच्या फुजो शहराचं नाव झालं. तिथे मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या संध्याकाळी चहात मिसळतात, रात्री त्या उमलतात, चहा वास पिऊन घेतो. मग फुलं वेगळी काढून चहा पुन्हा सुकवतात. उत्तम प्रतीसाठी हे पुनःपुन्हा करतात. सुगंध चहात उतरतो आणि फूल काढून टाकलं जातं. तुम्ही उलट केलंत. फूल दिसायला ठेवलंत आणि सुगंध बाटलीतून ओतलात.

त्या बाटलीबद्दल मी सगळ्यात कडक बोलणार आहे. अर्ल ग्रे चहाला बर्गामोटच्या सालीच्या तेलाचा वास असतो, हे तुम्ही वाचलंत. ते लिंबाच्या जातीचं फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया भागात पिकतं. इथवर ठीक. पण तुमच्यातल्या एकानं खोलीत दरवळ सोडायच्या दिव्यातलं तेल चहात घातलं. बाटलीवर खाण्यासाठी आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. नाकाला गोड लागतं ते पोटात जायच्या लायकीचं असतंच असं नाही. तो डबा मी माझ्या हातानं फेकणार आहे. खाण्यायोग्य असं स्पष्ट छापलेलं नसेल तर एक थेंबही नाही, यात तडजोड नाही.

तसंच औषधांचं. दोन चिठ्ठ्यांवर 'वजन उतरवणारा' आणि 'मधुमेहावर गुणकारी' लिहिलं आहे. कशावरून लिहिलंत? एकात ज्येष्ठमध भरपूर आहे. तो रोज जास्त पोटात गेला तर रक्तदाब वाढतो. ज्या मावशींना हा डबा भेट द्यायचा होता त्यांना रक्तदाब आहे, हे तुम्हीच मला मघाशी सांगितलंत. जायफळ चिमटीनं घालायचं असतं, चमच्यानं नाही. चिठ्ठीवर जिन्नस लिहा, वजन लिहा, तारीख लिहा. रोग लिहू नका.

शेवटचं, दुधाचं. जो चहा दुधातून प्यायचा आहे तो दुधातूनही चाखून बघायला हवा. अंबाडीच्या लाल बोंडांनी कोरा चहा सुरेख आंबट होतो; दूध घातलंत की ते फाटतं. कच्च्या आल्यानंही फाटतं, म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळायचं आणि दूध नंतर. गुळाच्या चहात गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा. हे तुमच्या आज्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे काटा नव्हता, पण लक्ष होतं. वेलदोडा त्या आयत्या वेळी ठेचत, कारण ठेचून ठेवला की त्याचा वास उडतो. तुम्ही महिनाभराची पूड करून आणलीत.

मी हे सगळं एवढ्या कडक आवाजात का बोलते आहे? कारण तुमच्यातल्या तिघा-चौघांची नाकं खरोखर चांगली आहेत. बुरशीचा वास तुमच्यातल्या एकीला माझ्या आधी आला. आंबा-पुदिन्यात पुदिना जास्त झाला, हे एकानं न विचारता सांगितलं. हे सगळ्यांना येत नाही. ज्याला येतं त्यानं आळस केला तर मला जास्त लागतं. स्वतःच्या घरासाठी स्वतःचा चहा जमवणं ही सुंदर गोष्ट आहे. पावसात एका घरात गवती चहाचा वास सुटावा, दुसऱ्या घरात सुंठेचा, आणि त्या वासावरून पाहुण्याला घर ओळखू यावं, असं मला मनापासून वाटतं. पण ती ओळख चिठ्ठीनं होत नाही. तिच्यासाठी शंभर पेले चाखावे लागतात आणि त्यातले नव्वद नापास करावे लागतात.

पुढच्या रविवारी डबा आणू नका. तीन कोरे चहा घ्या: एक आसाम, एक दार्जिलिंग, एक निलगिरी. वजन करून, घड्याळ लावून, पांढऱ्या पेल्यात करा. प्रत्येकाबद्दल वहीत चार ओळी लिहून आणा. "मस्त" हा शब्द त्यात दिसला तर वही परत मिळेल. ज्याला नुसत्या चहाबद्दल चार ओळी लिहिता येत नाहीत, त्यानं त्यात वेलदोडा घालायचा नाही.