अर्जुनाला कापरं भरतं तेव्हा

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १ ते १०

मित्रांनो, गीता म्हटलं की आपल्याला 'कर्म करा, फळाची आशा धरू नका' एवढंच आठवतं. पण कृष्ण तिथपर्यंत येण्याआधी बरंच काही घडतं, आणि ती पानं आपण भराभर उलटतो. आज तिथेच थांबू या.

पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःची अवस्था स्वतःच सांगतो. तोंडाला कोरड पडलीये, अंगाला कापरं भरलंय, काटा आलाय, कातडीची आग होतेय, हातातून गांडीव गळतंय, उभं राहवत नाही, मन नुसतं गरगरतंय. रिझल्टच्या आदल्या रात्री किंवा एचआरचा 'जरा बोलायचं होतं' असा मेल आल्यावर ज्यांचं हे झालंय, त्यांना या श्लोकांचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणि हा माणूस कोण? किरातरूपातल्या शंकराशी झुंजलेला! माऊलींनी ज्ञानेश्वरीत इथे भुंग्याचा दृष्टांत दिलाय. कसलंही कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. तेव्हा भीती वाटली म्हणून कुणी कच्चा ठरत नाही. जिथे जीव गुंतलाय, तिथे भलेभले अडकतात.

आता कृष्णाकडे बघा. सगळ्या पहिल्या अध्यायात तो फक्त 'हे जमलेले कुरू बघ' एवढंच बोलतो. अर्धा श्लोकही नाही. बाकी सगळा वेळ तो ऐकतोय. दोन्ही बाजूंना सैन्य उभं आहे, शंख वाजून गेलेत, तरी अर्जुनाचं बोलणं तो तोडत नाही.

दुसऱ्या अध्यायात मात्र तो पहिल्यांदा बोलतो ते कडकच. हे भलत्या वेळी कुठून सुचलं तुला, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ. नेमके हेच दोन श्लोक उचलून आपण घाबरलेल्या माणसाला सुनावतो. 'स्ट्राँग हो यार, कृष्णाने काय सांगितलंय?' मला हे पटत नाही, कारण तेवढ्याने अर्जुन उठलेला नाही. पुढचे श्लोक वाचा. तो उलट विचारतो, भीष्म-द्रोणांवर बाण कसे सोडू, त्यापेक्षा भीक मागितलेली बरी. मग तो आतून मोकळा होतो. मला काही कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य आहे, तूच सांग, म्हणतो. आणि लगेच पुढे 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसतो!

'सांग' पण म्हणायचं आणि 'ऐकणार नाही' पण म्हणायचं. घाबरलेला माणूस असाच बोलतो. आपला पेशन्स इथेच संपतो. 'मग विचारलंस कशाला?' हे अगदी ओठावर येतं. कृष्ण तसं म्हणत नाही. दहाव्या श्लोकात संजय सांगतो की तो जणू हसत बोलू लागला. काही जणांना त्या हसण्यात थट्टा दिसते. मला त्यात दिसतं ते एवढंच, की याच्या गोंधळाने कृष्ण स्वतः गोंधळलेला नाही.

अजून एक बारीक गोष्ट. अर्जुन करुणेने भरून आला होता, असं संजय म्हणतो. म्हणजे त्याची दया खोटी नाही. पण त्याच दयेआड पळून जाण्याची इच्छाही लपलीये, आणि तिला तो कुलधर्म, पाप अशी भारदस्त कारणं शोधून देतो. आपणही हेच करतो. लोन अॅपवरून कर्ज काढून बसलेला मुलगा म्हणतो, 'बाबांना टेन्शन नको म्हणून घरी सांगत नाही.' बाबांवर प्रेम आहेच हो त्याचं! पण बाबांना कळायचं ते वसुलीवाल्याच्या फोनवरून कळतं. अशा वेळी स्वतःला एकच विचारावं: या दयेमुळे मी त्या माणसाच्या जवळ जातोय की त्याला टाळतोय?

आणि जबाबदारी? कृष्ण अर्जुनाचं धनुष्य स्वतः उचलत नाही. लगाम त्याच्या हातात, गांडीव अर्जुनाच्या. पुढे भीष्मपर्वात अर्जुन भीष्मांपुढे हात आखडून लढतो, तेव्हा न राहवून कृष्ण स्वतःच शस्त्र घेऊन धावतो. तिथे अर्जुनच मागून पळत जाऊन त्याचे पाय धरतो आणि थांबवतो, की हे काम माझं आहे, मी करीन. मला हा प्रसंग फार आवडतो. गीतेतही, अठराव्या अध्यायात इतकं सगळं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निर्णय शेवटी अर्जुनाच्याच हातात.

तेव्हा रात्री दोन वाजता मित्राचा मेसेज आला, तर आधी ऐका. लगेच रील किंवा सुविचार फॉरवर्ड करू नका. त्याचं बोलून झालं की विचारा, 'उद्या सकाळी पहिलं काय करायचं?' बाबांशी तोच बोलेल, तुम्ही शेजारी बसा. आणि कृपा करून 'नाम घे, गोळ्या कशाला?' असं कुणालाही सांगू नका. नाम घ्यावं आणि डॉक्टरकडेही जावं, यात विठ्ठलाला कमीपणा येत नाही. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणी केली, तर 'कुणाला सांगू नको' ही शपथ पाळायची नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि घरच्यांना कळवायचं.

घाबरलेले तुम्ही स्वतः असाल, तर आज फक्त सातवा श्लोक वाचा, जिथे अर्जुन 'मला कळत नाहीये' असं मोकळेपणाने म्हणतो. मग एका माणसाला फोन लावून तेवढंच म्हणा.

उद्या अकरावा श्लोक. तिथून भगवंत खरं बोलायला लागतात.

॥ राम कृष्ण हरी ॥